वृषणाला पीळ पडणे : पहिले ६ तास इतके महत्त्वाचे का?

मध्यरात्री किंवा पहाटे एका वृषणात अचानक असह्य कळ येते आणि झोपमोड होते. मुलगा लाजेपोटी गप्प राहतो किंवा नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणतो. घरचे ओवा देतात, ‘सकाळी बघू’ म्हणतात. या थांबण्यातच वृषण कायमचे निकामी होऊ शकते.

नेमके काय होते?

बोलीभाषेत ज्यांना ‘गोट्या’ म्हणतात ती वृषणे वृषणकोषात दोरीसारख्या वृषणरज्जूला लटकलेली असतात. रक्त आणणारी धमनी आणि परत नेणाऱ्या शिरा याच रज्जूतून जातात. वृषण स्वतःभोवती फिरले की रज्जूला पीळ पडतो. आधी शिरा दबतात आणि वृषण सुजते, मग रक्तपुरवठाच थांबतो.

काही मुलांमध्ये वृषण आतल्या आवरणाला नीट चिकटलेले नसते, घंटेच्या लोलकासारखे मोकळे झुलते. ही ठेवण जन्मजात असते आणि बहुधा दोन्ही बाजूंना असते. पीळ पडण्यासाठी मार लागावाच लागतो असे नाही. झोपेतही तो पडू शकतो.

कोणाला धोका?

१२ ते १८ वर्षे वयात हे प्रमाण सर्वाधिक असते. नवजात बाळांमध्ये आणि क्वचित मोठ्या पुरुषांमध्येही हे घडते.

लक्षणे

• एका बाजूला अचानक तीव्र वेदना
• मळमळ, उलटी
• ओटीपोटात किंवा जांघेत दुखणे
• सूज, लाली
• एक वृषण वर ओढलेले किंवा आडवे दिसणे

काही वेळा पीळ आपोआप सुटतो आणि दुखणे थांबते. तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण तो पुन्हा पडू शकतो.

वेळेचे गणित

पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचते. १२ तासांनंतर शक्यता बरीच घटते, २४ तासांनंतर ती फारच कमी उरते. तरीही उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

उपचार

जंतुसंसर्गामुळेही वृषण सुजते व दुखते, पण ते दुखणे साधारणपणे हळूहळू वाढते. हा फरक घरी ओळखणे अवघड असते. डॉक्टर हाताने तपासतात, गरज वाटल्यास डॉप्लर सोनोग्राफी करतात. लक्षणे स्पष्ट असतील तर तपासणीत वेळ न घालवता थेट शस्त्रक्रिया केली जाते. पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर बसवतात. दुसऱ्या बाजूलाही तसेच टाके घालतात, म्हणजे तिथे पीळ पडण्याचा धोका बराच कमी होतो. वृषण निकामी झाले असेल तर ते काढावे लागते. दुसरे निरोगी असेल तर पुढे मूल होण्यात सहसा अडचण येत नाही.

काय करावे, काय टाळावे?

शेक, मालीश किंवा नुसती वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, म्हणून काही खाऊ-पिऊ घालू नये. रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

वयात येणाऱ्या मुलाला घरातल्यांनी आधीच एवढे सांगून ठेवावे : ‘तिथे अचानक दुखलं तर लाजू नकोस, लगेच उठव.’