घर ते स्थानक : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अपंगांच्या प्रवासाचा एक दुर्लक्षित अध्याय

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. त्यावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांची खरी वाढ मात्र स्वातंत्र्यानंतरची होय. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, तरी कॅम्प क्रमांक एक ते पाच पत्त्यांत टिकून आहेत. पुढे अंबरनाथ व बदलापूर ही नोकरदारांची शहरे झाली. मुंबईचा प्रवास लोकलने, तर घर ते स्थानक हे अंतर शेअर रिक्षाने, अशी येथील वाहतुकीची घडी बसली. बससेवा या पट्ट्यात कधी बळावली नाही.

लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा आला. परंतु त्या डब्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. याचे कारण कायद्याच्या रचनेत सापडते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील कलम ४४ ने वाहतूक क्षेत्रातील 'आस्थापनां'वर आपली वाहने सुगम करण्याचे कर्तव्य सोपविले, तेही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आस्थापना म्हणजे मुख्यतः शासकीय खाती, महामंडळे, शासकीय कंपन्या व शासनाच्या नियंत्रणाखालील वा अनुदानित संस्था. रेल्वे त्यात बसते. स्वतःच्या परवान्यावर रिक्षा चालविणारा चालक बसत नाही.

येथे अमेरिकेशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील १९९० च्या कायद्याने, ठराविक मार्गावर बस चालविणाऱ्या सार्वजनिक संस्थेवर, ती बस वापरू न शकणाऱ्या अपंगांसाठी पूरक वाहन पुरविण्याचे बंधन घातले. या सेवेचा पट्टा बसमार्गाच्या दोन्ही बाजूंस पाऊण मैल असा ठरला. भाडे बसभाड्याच्या दुपटीहून अधिक असू नये, असाही नियम झाला. तेथे मुख्य सेवा आधी, पूरक नंतर. उल्हासनगरात पूरक म्हणावी तीच मुख्य सेवा असल्याने ते बंधन ज्याच्या गळ्यात घालावे असा कोणी उरतच नाही.

वस्तुतः रिक्षा हे वाहन अपंगांस सर्वथा प्रतिकूल नाही. तिचा तळ बसच्या पायऱ्यांहून बराच खाली असतो, आणि थांब्यावर ठिकाणाचे नाव पुकारण्याची रीत अंध प्रवाशाला कोणत्याही फलकापेक्षा उपयोगी पडते. अडचण शेअर भाड्याच्या हिशेबात आहे. भाडे माणशी आकारले जाते. घडीची चाकाची खुर्ची वा कुबड्या ठेवायच्या तर एका प्रवाशाची जागा जाते आणि तेवढी चालकाची कमाई बुडते. त्यामुळे चालकाच्या सौजन्याला मर्यादा पडते. त्यास केवळ असंवेदनशीलता म्हणणे अन्यायाचे होईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने चित्र काहीसे बदलले. कलम ४१ ने सर्व प्रकारच्या वाहतूक साधनांपर्यंत पोहोच मिळवून देण्याचे काम थेट शासनावर टाकले. शिवाय खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थांबरोबर 'युनियन' हा शब्दही आला. एकटा चालक अजूनही बाहेर राहतो; मात्र थांब्यावरील रांग ज्यांच्या शब्दाने चालते त्या रिक्षा संघटना या व्याख्येच्या कक्षेत येऊ शकतात. त्याखेरीज मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७४ नुसार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणास कंत्राटी वाहनाच्या परवान्याला अटी जोडता येतात. रिक्षा परवान्यांच्या संख्येवरील बंधन महाराष्ट्रात २०१७ मध्ये उठले, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने स्पर्धेची व कोंडीची. थांब्यामागे एखादी रिक्षा अपंगांसाठी राखून तिची बुडीत कमाई भरून देण्याचा विचार त्या चर्चेच्या कडेलाच राहिला.