कबुलायत आणि नोटीस

मुंबईहून गोव्याच्या वाटेनें निघालेला प्रवासी महाड मागें टाकून पोलादपुरास येतो, तेव्हां त्याची दृष्टि सावित्रीच्या पात्राकडे किंवा प्रतापगडाच्या बाजूच्या डोंगरांकडे जाते. इतिहासाची आवड असेल तर तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ याच तालुक्यांत आहे, हेंही त्याला आठवतें. परंतु याच डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुळाचाही एक इतिहास आहे. त्याला पोवाडा लाभला नाहीं. मामलेदार कचेरीच्या दप्तरांत मात्र तो सांपडतो. आज त्या दप्तरांतील दोन कागदांविषयीं सांगावयाचें आहे. एक कबुलायत आणि दुसरी नोटीस.

खोत हा मुळांत गांवचा सारा गोळा करून सरकारांत भरणारा. सरकारचा धारा आणि कुळांकडून येणारें उत्पन्न यांतील जें अंतर उरे, त्यास 'खोती फायदा' म्हणत. खोती गांवांत सगळीं कुळें सारखीं नव्हतीं. धारेकऱ्यानें ठरलेला धारा भरला कीं तो निर्धास्त असे. साध्या कुळाची गोष्ट निराळी. त्याचें उभें पीक पाहून अदमास काढावयाचा, याला 'अभावणी' म्हणत. त्यावरून खोताचा हिस्सा ठरे. त्यावर फसकी आणि वेठ होतीच. आणि या सर्वांच्या मुळाशीं होती वर्षावर्षाची कबुलायत. 'जमीन एका सालापुरती घेतली आहे, मुदत संपतांच बिनतक्रार सोडीन,' अशा अर्थाचें कुळानें दरसाल लिहून द्यावयाचें. आजानें फोडलेली, बापानें बांध घातलेली जमीन कागदावर मात्र दरवर्षीं नवीच!

यांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. १८८० चा खोती कायदा मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यासाठीं झाला. १८४५-४६ पासून जमीन अखंड कसणाऱ्या कुळास त्यानें कायमचें कूळ मानलें. म्हणजे हक्काचें मूळ अखंड वहिवाटींत होतें. ही अखंडता जर दर वर्षाच्या कागदानें तोडतां आली, तर हक्क उगवणारच कोठून? कबुलायतीचें नूतनीकरण हें कुळास अभय वाटे. वस्तुतः तें त्याच्या हक्काच्या मुळावर दरसाल पडणारा घाव होता.

हा कागद नाकारण्याचें धैर्य प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसलें तें याच जिल्ह्यांत, त्या वेळच्या कुलाब्यांत, अलिबागजवळच्या चरी येथें. १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं तेथील कुळांनीं जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि सुमारे सहा वर्षें तो पाळला. इकडे महाडास २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे पुढें कुळांच्या चळवळींतही दिसतात. पाण्याचा हक्क मागणाऱ्यांना जमिनीचा प्रश्न टाळतां येण्याजोगा नव्हताच. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १९३८ च्या जानेवारींत हजारों शेतकरी मुंबईस मोर्चा घेऊन गेले. विधेयक संमत झालें नाहीं. पण १९३९ चा कूळ कायदा आला. १ जानेवारी १९३८ पूर्वीं सलग सहा वर्षें जमीन कसणाऱ्यास त्यानें 'संरक्षित कूळ' म्हटलें. जी अखंडता कबुलायतीनें तोडली जाई, तिलाच कायद्यानें मान दिला.

१९४८ च्या कायद्यानें कुळाच्या हातीं आणखी शस्त्रें दिलीं. खंडाखेरीज हक्क, पट्टी किंवा वेठ घेणें बेकायदा ठरलें. मामलेदाराच्या हुकुमावांचून मालकानें ताबा घेऊं नये, असें ठरलें. जमीन 'राजीखुशीनें' सोडल्याचा कागदही मामलेदारापुढें पडताळला गेल्याखेरीज खरा मानावयाचा नाहीं. पुढील दुरुस्तीनंतर कसूर दाखवून कूळ काढावयाचें तर तीन महिन्यांची लेखी नोटीस आणि त्या मुदतींत चूक सुधारण्याची संधि देणें आवश्यक झालें. १९५० मध्यें खोतीच संपली, आणि १ एप्रिल १९५७ रोजीं बहुतेक कुळें कायद्यानें जमिनीचीं खरेदीदार मानलीं गेलीं. साध्या कुळासाठीं किंमत धाऱ्याच्या वीस ते दोनशें पट ठरली.

पण येथेंच इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. किंमत ठरविण्यासाठीं शेतजमीन न्यायाधिकरणाकडून कुळास नोटीस निघे. त्या तारखेस जो हजर राहणार नाहीं, तो खरेदीस नाखूष समजला जाई. पिढ्यान्‌पिढ्या नोटीस म्हणजे हकालपट्टी, हेंच ज्याच्या मनावर ठसलेलें, त्यानें हा कागद हातीं घेतांना काय समजावें? घरचा कर्ता पुरुष मुंबईस गिरणींत, घरीं म्हातारी आई, आणि दारीं कचेरीचा शिपाई! या एका तारखेवर जमीन राहणें किंवा जाणें अवलंबून होतें.

शहरवासी श्रोत्यांना ही कथा दूरची वाटूं नये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानें भाडेपट्टा नवा करून देण्याबद्दल पागडी घेणें गुन्हा ठरविला होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें ती घेण्यास मोकळीक दिली. मात्र थकबाकीसाठीं दावा लावण्यापूर्वीं नव्वद दिवसांची लेखी नोटीस मालकावर बंधनकारक ठेवली. खेड्यांतील कबुलायत आणि चाळींतील पागडी या एकाच कुळींतल्या. जो जागा सोडूं शकत नाहीं, त्याच्याकडून राहण्याचें मोल पुनःपुन्हा वसूल करावयाचें, हा दोहोंचा धर्म.

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असें नव्हे. सातबाऱ्यावरचें नांव, खंडाची पावती आणि आलेल्या नोटिशीवरची तारीख यांवर तो उभा असतो. पोलादपूरच्या एखाद्या घरांत आढ्याला बांधलेल्या जुन्या पत्र्याच्या पेटींत अशी पावती अजूनही निघते. घरच्या म्हाताऱ्या माणसाला ती वाचतां येत नसेल. पण ती कां जपली, हें त्याला पक्कें ठाऊक असतें.