राज्य निजामाचे, रयत आम्ही

मराठवाड्यातले मुसलमान एकेकाळी राज्यकर्ते होते, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. उदगीरच्या किल्ल्याकडे बोट दाखवून ते सुनावले जाते. आमच्यातलेही काही जण ते अभिमानाने सांगतात. आमचे आजे-पणजे त्या राज्यात नेमके कोणत्या पायरीवर उभे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१७८९ पूर्वीच्या फ्रान्समध्ये समाजाचे तीन वर्ग होते : धर्मगुरू, सरदार आणि उरलेली सारी प्रजा. पहिल्या दोघांना करांतून मोठी सूट, भार सारा तिसऱ्यावर. पण खेड्यातला गरीब पाद्री? कागदावर तो पहिल्या वर्गात, राहणी मात्र रयतेची. जून १७८९ मध्ये असे अनेक पाद्री तिसऱ्या वर्गाला जाऊन मिळाले. आपण कोणाचे, हे त्यांनी ओळखले.

उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. हैदराबाद संस्थानातली सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी वसुलाची. बाकी सर्फ-ए-खास, पायगा, जहागिरी आणि संस्थाने. सर्फ-ए-खासचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जाई. जहागीरदारही सगळे मुसलमान नव्हते. महाराजा किशनप्रसाद होते, गदवाल-वनपर्तीचे राजे होते. मराठवाड्याच्या गावगाड्यात सत्ता देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी यांची. सालारजंगाने १८६० च्या दशकात देशमुखांकडून वसुली काढून घेतली, तरी त्यांचा रुसूम चालूच राहिला.

या उतरंडीत आमचा पिंजारी कापूस पिंजत होता, मोमीन माग चालवत होता, बागवान भाजी विकत होता. उर्दू ही सरकारी भाषा. पण निरक्षर पिंजाऱ्यालाही अर्जासाठी दुसऱ्याचीच लेखणी लागे. सय्यद-पठाणांच्या घरी त्याची सोयरीक होणे कठीणच. अशा माणसाला इत्तेहादुल मुस्लिमीनने सांगितले, 'अनल मलिक' – प्रत्येक मुसलमान राजा आहे. ताज त्याच्या डोक्यावर कधी आला नाही. राजेपणाचा आरोप तेवढा आला.

रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, हे आम्ही झाकू इच्छीत नाही. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. कवी मखदूम मोहिउद्दीन कामगार-शेतकऱ्यांच्या बाजूने लढले. तिसऱ्या वर्गाला जाऊन मिळणारे आमच्यातही होते. पण १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर सूड उगवला गेला, तेव्हा रझाकार कोण आणि पिंजारी कोण, याची चौकशी कोण करणार? पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला.

निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाले. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या आणि जहागीरदारांना मोबदला ठरला. ज्याच्याकडे सनदच नव्हती, त्याला त्या हिशेबात जागा नव्हती.

नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने पिंजारी, मोमीन, बागवान, छप्परबंद ही नावे पुन्हा उच्चारली, तेव्हा जमात फोडता का, असा ओरडा झाला. जमात फुटलेली होतीच. ज्यांनी राज्य केले नाही, त्यांनी त्या राज्याचा अभिमानही वाहू नये आणि अपराधही. आमचा इतिहास किल्ल्यात कमी आणि मागावर, पिंजणावर अधिक आहे. तो तिथूनच लिहायला हवा.