गाडीतला डबा आणि मिस्त्रींचा कान

इतिहासाचा मास्तर मोटारीच्या इंजिनावर बोलायला बसलाय, हे ऐकून काहींना हसू येईल. पण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डाखाली पत्र्याचा एक चपटा डबा आहे आणि त्यात गेल्या पन्नास-साठ वर्षांचा बराच इतिहास भरलेला आहे. तो मला फुकट कळला नाही, एवढंच.

झालं असं, की उन्हाळ्यात बार्शीहून परांड्याला निघालो होतो. अर्ध्या वाटेवर गाडी बंद पडली. लिंबाच्या सावलीत अर्धा तास थांबलो, तर जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. पुढे आठवडाभर हाच खेळ. एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. त्यांनी मीटरसुद्धा न लावता निकाल दिला, "ईसीएम गेलाय, नवा टाकावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक. त्याची किंमत ऐकून मी गाडी घेऊन थेट बार्शीतल्या आमच्या मिस्त्रींकडे आलो.

मिस्त्री साठीच्या घरातले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आत काय वाजतंय ते सांगणारे. कानानं यंत्र तपासायची ही विद्या जुनी. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, आपल्या गावात आली. त्या काळी जगभरच्या रेल्वेत चाकावर हातोडी मारून, नाद ऐकून तडा ओळखत. मोटारीच्या मिस्त्रीचंही तसंच. कार्ब्युरेटर साफ करायचा, पॉइंटची फट नीट करायची, प्लगचा रंग पाहायचा आणि ऐकायचं.

मग या कानाच्या राज्यात डबा आला कुठून? बहुतेकांना वाटतं, वेगासाठी किंवा चैनीसाठी. खरं कारण धूर. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्यामागे मोटारींचा धूर आहे, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास दाखवलं. अमेरिकेनं १९७० साली हवेचा कडक कायदा केला. धुरातले विषारी वायू मारायला एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा ठरला, पण तो पडला सोवळ्यातला. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, याच्या अगदी जवळपास मिश्रण असेल तरच तिन्ही वायूंवर एकदम काम करणार. कार्ब्युरेटरला इतकं काटेकोर माप कुठून जमणार? मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि त्याचं ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल मोजून देणारा संगणक आला. बॉश कंपनीनं १९७९ साली पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच डब्यात आणला.

आपल्याकडे हे लोण दिल्लीतून पसरलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली राजधानी परिसरात नवे धूर-निकष ताबडतोब लागू करायला लावले. २००० साली देशभर पहिले युरोपीय धर्तीचे निकष आले, २००५ साली त्याहून कडक. नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला. पुढे २०२० साली भारत स्टेज सहा आलं आणि हा डबा मोटारसायकलीतही शिरला. दिल्लीतल्या धुराच्या खटल्यानं बार्शीतल्या मिस्त्रींचं गिऱ्हाईक पळवलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्या वर्षांत नवी गाडी आली, की ते बॉनेट उघडत, बघत आणि मुकाट्यानं पुन्हा लावत. हे मी स्वतः पाहिलंय. त्यांच्या हाताखालची दोन पोरं पुण्याला गेली. मिस्त्री गेले नाहीत. मल्टीमीटर घेऊन शिकत राहिले.

माझ्या गाडीबाबत ते म्हणाले, "सर, डबा काय, कधी बी बदलता येतोय. आधी त्याला जेवायला मिळतंय का बघू की."

दुपारच्या उन्हात गाडी बंद पडेपर्यंत आम्ही फिरलो. चावी फिरवली की पेटणारा चेक लाइट तेव्हा पेटेना. म्हणजे डबा गप्प. पण गप्प का? तापल्यावर रिलेही दगा देतो, म्हणून त्यांनी पहिल्यांदा डब्याच्या कपलरवर मीटर लावला. बारा व्होल्ट हजर. अर्थिंगची तार घासून घट्ट केली, ती चोख. डबा सेन्सरांना जे पाच व्होल्ट पुरवतो, ते मात्र नव्हते. एखादा बिघडलेला सेन्सरच ते खाऊन टाकत असेल म्हणून एकेक सेन्सर सोडवून पाहिला. तरी शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू ठेवून त्यांनी डब्यावर केस वाळवायच्या ड्रायरचा गरम वारा सोडला. चार मिनिटांत इंजिन बंद! माझ्या नोकरीत इतका सज्जड पुरावा मला क्वचितच मिळाला असेल.

म्हणजे वर्कशॉपवाल्यांचं निदान बरोबरच निघालं. पण तो अंदाज होता. तो चुकता, तर पैसे माझेच जाणार होते.

पुण्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून तोच पार्ट नंबर असलेला डबा मागवला. एक आकडा वेगळा असला तरी चालत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून तो बसवला, तर गाडी काही ढिम्म हलेना. चोरीपासून बचाव म्हणून चावीची ओळख डब्यात साठवलेली असते आणि हा पाहुणा माझ्या चावीला ओळखत नव्हता. सोलापूरहून एक तरुण लॅपटॉप घेऊन आला. त्यानं दोघांची ओळख करून दिली, तेव्हा कुठे गाडीनं आवाज दिला. सगळा खर्च नव्या डब्याच्या तिसऱ्या हिश्शात भागला.

जुना डबा मिस्त्रींनी उघडून भिंगाखाली दाखवला. एका पायाभोवती डाखात केसाएवढी गोल चीर होती. तापली की उघडायची, निवाली की मिटायची. "ही काय कानाला ऐकू येत न्हाई बघा," ते म्हणाले आणि घरून आणलेला ड्रायर फडक्यानं पुसायला लागले. तो संध्याकाळच्या आत परत न्यायचा होता.