प्रात्यक्षिक आणि परंपरा : चित्रनिर्मितीच्या नव्या साधनांचे प्रदर्शन व नाशिकचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात कलाकृतींची नोंद होते आणि कलावंतांची चरित्रेही लिहिली जातात. परंतु कलावंताच्या हाती नवे साधन कसे आले, ते त्याने प्रथम कोणत्या प्रसंगी पाहिले आणि पाहिल्यानंतर त्याने काय केले, हे प्रश्न बहुधा चरित्राच्या एखाद्या परिच्छेदातच संपतात. आज व्हिडिओ गेमसाठी लागणाऱ्या चित्रकलेची नवनवी सॉफ्टवेअर महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि मोठ्या परिषदांत प्रात्यक्षिकांसह दाखवली जातात. पडद्यावर काही मिनिटांत एक मस्तक घडते, त्यावर त्वचेचा पोत चढतो, प्रकाश बदलतो आणि पात्र चालू लागते. सभागृहात टाळ्या वाजतात आणि विद्यार्थी अभ्यासक्रमाची माहितीपत्रके घेऊन बाहेर पडतात. हा प्रसंग नवा वाटला तरी त्याला महाराष्ट्रात सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात नाशिकचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१. चित्रनिर्मितीच्या नव्या साधनांच्या प्रदर्शनाची महाराष्ट्रातील परंपरा थोडक्यात मांडणे.
२. दादासाहेब फाळके यांच्या कार्याच्या आधारे प्रात्यक्षिक पाहणे व साधन आत्मसात करणे यांतील संबंध तपासणे.
३. गेम-कलेच्या आजच्या साधनांसंदर्भात महाविद्यालयांची भूमिका कोणती असावी, याचा विचार करणे.

पूर्वपीठिका

चलच्चित्राचे यंत्र भारतात येण्यापूर्वीच कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या पुत्रांसह ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले होते. त्यांचा आरंभ १८९२ चा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकायची आणि त्यांच्या जलद अदलाबदलीतून हालचालीचा भास निर्माण करायचा, असे त्याचे तंत्र होते. एकाच आकृतीच्या अनेक अवस्था स्वतंत्रपणे रंगवून त्या क्रमाने दाखविण्याचे हे तत्त्व पुढे द्विमितीय व्हिडिओ गेममधील पात्रांच्या हालचालीलाही आधारभूत ठरले. दिवा परकीय असला तरी त्यापुढील चित्र रंगविणारा हात स्थानिक होता, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ झाला. ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे होते. ते मूळचे छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. यंत्राचा खेळ अनेकांनी पाहिला, पण यंत्र मागविणारे थोडेच निघाले आणि त्यांत छायाचित्रणाचा पूर्वाभ्यास असलेली व्यक्ती पुढे होती.

फाळके : प्रेक्षक ते प्रात्यक्षिककार

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांचा जीवनक्रम बदलला, ही कथा सर्वपरिचित आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले आणि काही आठवड्यांत परतले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

या कथेतून काही आठवड्यांच्या निरीक्षणात माणूस नवी कला शिकला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो अपुरा आहे. १८८५ मध्ये फाळके मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिळामुद्रण, नाटकांचे पडदे रंगविणे, हातचलाखीचे प्रयोग अशी अनेक कामे त्यांनी केली. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या मुद्रणाशी त्यांचा संबंध आला आणि मुद्रणाच्या नव्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. लंडनच्या स्टुडिओत ते गेले तेव्हा त्यांच्या पाठीशी सुमारे २५ वर्षांची साधना होती. नवे होते ते यंत्र. रचना, छायाप्रकाश, रसायने आणि दृष्टिभ्रम यांचे ज्ञान त्यांच्याजवळ आधीच होते.

परतल्यावर त्यांनी प्रथम कथापट केला नाही. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी एक लघुपट तयार केला व तो दाखवून भांडवल उभे केले. १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा लघुपट त्यांनी काढला. त्याचा काही भाग आज उपलब्ध असून त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी त्यांची लेखमाला सुरू झाली. ज्याने एकेकाळी परक्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले, त्यानेच पाच वर्षांत आपल्या लोकांसमोर आपल्या कामाचे प्रात्यक्षिक मांडले. त्यात साधनाबरोबर श्रमही दिसतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. या श्रमांत सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा होता. कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे ही कामे त्यांनी केली. कोणत्याही यंत्राच्या प्रदर्शनात अशा हातांची नोंद सहसा होत नाही.

नाशिकने काय मिळविले, काय गमावले

१९१३ मध्ये फाळके यांनी आपला व्याप नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंका दहन’ (१९१७) ही चित्रे याच काळातील. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्णाच्या भूमिकेत दिसली. कलावंत, कारागीर व तंत्रज्ञ यांचे एक कुटुंबच नाशिकमध्ये नांदत होते. सुमारे २० वर्षे हे शहर चित्रनिर्मितीचे केंद्र होते.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटाचे तंत्र जुने झाले. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) मूकपट म्हणून तयार झाला व त्याला नंतर ध्वनी जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ त्यांनी कोल्हापुरात केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. नाशिकचे केंद्र टिकले नाही, त्याला भांडवलाची चणचण, भागीदारांतील मतभेद व ध्वनितंत्राचे आगमन ही कारणे होतीच. तथापि आणखी एक कारण विचारात घ्यावे लागते. येथे निर्मितिसंस्था होती, परंतु ते ज्ञान पुढील पिढीला देणारी शिक्षणसंस्था उभी राहिली नाही. पुण्याशी तुलना केल्यास हे स्पष्ट होते. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेली प्रभात कंपनी कालांतराने बंद पडली, पण तिच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले अंश तेथे जतन झाले. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक उभे राहिले. स्मारकामुळे आदर टिकतो. विद्या टिकण्यासाठी शाळा लागते.

आजची साधने व मालकीचा प्रश्न

गेम-कलेच्या साधनांबाबत हा इतिहास दोन प्रकारे उपयोगी पडतो. पहिला मुद्दा साधनाच्या आयुष्याचा. सॉफ्टइमेज या त्रिमितीय सॉफ्टवेअरचा वापर ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटात झाला होता. त्याची मालकी मायक्रोसॉफ्ट, ॲव्हिड व २००८ मध्ये ऑटोडेस्क अशी फिरत गेली आणि २०१४ मध्ये त्याची पुढील आवृत्ती निघणार नसल्याचे जाहीर झाले. केवळ त्याच्या आज्ञा शिकलेल्याचे कौशल्य तेव्हा कालबाह्य झाले. शरीररचना, यथार्थदर्शन व रंगविचार जाणणारा कलावंत दुसऱ्या साधनाकडे वळू शकला.

दुसरा मुद्दा अटींचा. फाळके यांना कोऱ्या फिल्मसाठी परदेशावर अवलंबून राहावे लागे, परंतु एकदा विकत घेतलेल्या कॅमेऱ्याच्या वापराच्या अटी कोणी बदलू शकत नव्हते. आजचे सॉफ्टवेअर बहुतांशी परवान्यावर मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने गेमच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले. जगभरातील निर्मात्यांच्या विरोधानंतर ते २०२४ मध्ये रद्द झाले. याउलट ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून सर्वांसाठी मुक्त करण्यात आले. मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयाने या दोन उदाहरणांचा शांतपणे विचार करावा. प्रात्यक्षिकात साधनाचा वेग दिसतो, त्याच्या अटी दिसत नाहीत.

साधन परके असूनही कला आपली असू शकते, याचे अलीकडील उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम प्रसिद्ध केला. त्याला आधार अनरिअल इंजिनचा आहे, परंतु दृश्यरूप पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्यांच्या परंपरेतून घेतलेले आहे. पटवर्धनांच्या काचपट्ट्यांपासून चालत आलेले हेच सूत्र होय.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. नव्या साधनाचे प्रदर्शन हे केवळ निमंत्रण असते. ते स्वीकारण्याची पात्रता पूर्वीच्या कलाभ्यासातून येते. म्हणून चित्रकला, शिल्प, छायाचित्रण व इतिहास यांचे अध्यापन कमी करून त्या जागी एखाद्या सॉफ्टवेअरचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम बसविणे इष्ट नाही. दोहोंची सांगड घालावी. साधन निवडताना त्याच्या क्षमतेइतक्याच त्याच्या अटी तपासाव्यात. नाशिकची लेणी, मंदिरे, गोदावरीचे घाट व वाडे यांचे मोजमाप, रेखाटन व त्रिमितीय नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास कला, इतिहास व संगणक हे तीन विभाग एकत्र येतील आणि ती सामग्री महाविद्यालयाच्याच मालकीची राहील. १९१३ ते १९३२ या काळात या शहराजवळ साधन होते, कलावंतही होते. शाळा मात्र नव्हती. आज नाशिकमध्ये महाविद्यालये आहेत. पूर्वी राहून गेलेले कार्य करण्याची जबाबदारी त्यामुळे प्राध्यापकवर्गावर येते.