अश्वपती पायी गेला होता

तिरोड्याकडच्या एका मांडवात ऐकलेलं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. "पोरीनं मनानं लग्न केलं अन् बापानं जवाई घरात घेतला, म्हणजे बापानं हात टेकले." बोलणारे गृहस्थ शिकलेले होते, आणि भोवतीची मंडळी माना डोलावत होती. जोडीदार मोठ्यांनीच निवडायचा ही आपली जुनी रीत, आणि ती मोडणाऱ्या लेकरांना जवळ करणं म्हणजे रीतच सोडणं, असं त्यांनी धरून चाललं होतं. मला यातलं काहीच पटत नाही.

रीतीचंच बोलायचं तर वटपौर्णिमेपासून बोलू. आपल्या घरच्या बायका वडाला सूत गुंडाळतात ते सावित्रीच्या नावानं. पण सावित्रीला सत्यवान कुणी दाखवला नव्हता. वनपर्वात बापच तिला म्हणतो, तुझा वर तू शोध. ती शोधून येते तेव्हा नारद सांगतात, मुलगा गुणी आहे, पण वर्षभराचाच सोबती आहे. अश्वपती म्हणतो, दुसरा पाहा. याहून रास्त नकार कोणत्या बापाचा असेल? मुलगी बधत नाही. पुढचा भाग मात्र आपल्या घरांत कुणी सांगत नाही. मद्र देशाचा हा राजा अरण्यात जातो, आश्रमापर्यंत पायी चालत जातो आणि राज्य गेलेल्या, आंधळ्या द्युमत्सेनाला माझी लेक सून करून घ्या म्हणून विनवतो. वनवासात ती कशी राहील, असं द्युमत्सेनाच्या मनात येतं, तेव्हा त्याची समजूतही हाच काढतो. नारदांचे शब्द कानात असताना तो गेला. महाभारतात त्याला कुणी हरलेला बाप म्हणत नाही.

कुणी म्हणेल, या पोथीतल्या गोष्टी झाल्या. मग आपल्याच जिल्ह्यात, सालेकसा-देवरीकडे पाहू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले. आजचा गोंदिया तेव्हा त्याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंडांमध्ये लमसेना होऊन मुलीच्या बापाच्या शेतात राबणाऱ्या नवऱ्या मुलाची नोंद त्यांत आहे. पलीकडे मंडल्याच्या बाजूला मुलगी आपण होऊन आवडत्या मुलाच्या घरी जाऊन राहते, त्याला पैठू म्हणतात. मग पंच बसतात, देणंघेणं ठरतं, जेवण होतं आणि दोन्ही घरं पुन्हा एका पंगतीला येतात.

इथं एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मनुस्मृतीचा नववा अध्याय मुलीला काही काळ वाट पाहिल्यावर स्वतः वर निवडायची मुभा देतो, पण तो 'सदृश' हवा म्हणतो. गोंडांतही सारख्या संख्येचे देव पुजणारी कुळं भाऊबंद ठरतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे कुंपण होतंच, आणि जातीचं कुंपण तर माणसाला कमी लेखणारं होतं. त्याची बाजू मी घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की लेकरांनी आपल्या मनानं केलं तरी त्यांना परत जोडून घेण्याची वाट जुन्यांनी ठेवली होती. ती वाट आपण बुजवली आणि उरलेल्या कुंपणाला परंपरा म्हणू लागलो.

कायद्यानं घरं मोडली, असंही म्हणतात. १९५४ चा विशेष विवाह कायदा मुलीची अठरा आणि मुलाची एकवीस वर्षं पाहतो, नोटीस तीस दिवस कचेरीत लावतो. आईबापांची संमती त्याच्या अटींत नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शक्तिवाहिनी खटल्यात सांगितलं, की दोन सज्ञान माणसांची संमती पुरेशी आहे. पण सासर-माहेर बंद करा, असं कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही. दार लावतो तो आपला आपण, बहुतेकदा भीतीपोटी. धाकटीचं कसं जमेल, जातवाले काय म्हणतील. ही भीती खोटी नाही, तिला हसू नये. मात्र वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. हे त्या बापाला सांगणारं कुणीतरी मांडवात हवं होतं.

अर्जुनी मोरगावकडचे एक धान पिकवणारे स्नेही आहेत. चुरणा झाला की प्रत्येक लेकीकडे नव्या तांदळाचा एक कट्टा पाठवायचा, हा त्यांचा नेम. चौथीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. दोन वर्षं तीनच कट्टे निघाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी राईस मिलवर चौथा भरायला सांगितला. कट्ट्यावर जावयाचं आडनाव लिहितात, आणि आडनावावरून जात कळते. गावची पाचसहा माणसं तिथंच उभी होती. त्यांनी सगळ्यांसमोर पोरीला फोन लावला, दोन वर्षांतला पहिला, आणि विचारलं, "बाई, तुमचं आडनाव कसं लिहितात?"