कुलूपबंद फोन आणि नऊचा आकडा

आजचा एपिसोड माझ्या घरातून सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात बाबा स्कूटरवरून घसरले आणि बेशुद्ध पडले. जवळच्या टपरीवरचे काका धावत आले, रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. पण घरी कळवणार कसं? फोन हातात आहे, आणि स्क्रीनला लॉक! चाळीस मिनिटांनी आईनेच ‘जेवायला कधी येताय?’ विचारायला फोन केला, तो काकांनी उचलला. आलेला कॉल घ्यायला पिन लागत नाही ना, म्हणून.

बाबा आता ठणठणीत आहेत. मी मात्र या कुलपाचा इतिहास शोधत बसलो. आणि गंमत बघा, हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा कितीतरी जुना निघाला.

चला लंडनला. नोव्हेंबर १९३५, विम्पोल स्ट्रीट. एका डॉक्टरच्या घराला आग लागली. समोरच्या शेजाऱ्याने ऑपरेटरला फोन लावला, पण एक्स्चेंजमध्ये सगळे कॉल एकाच रांगेत. कुणाची आग आणि कुणाच्या गप्पा, ऑपरेटरला कळणार कसं? शेजारी ताटकळत राहिला. त्या आगीत पाच बायका गेल्या. त्याने चिडून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, सरकारने चौकशी लावली, आणि ३० जून १९३७ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा.

आता नऊच का? मला या सगळ्यात आवडलेला भाग हाच. रस्त्यावरच्या फोनला कुलूप होतं नाण्याचं. नाणं टाकल्याशिवाय नंबर फिरत नसे. फक्त शून्य फुकट, कारण तो ऑपरेटरचा. त्या डब्यात थोडा बदल केला की शून्याच्या शेजारचा नऊसुद्धा फुकट फिरवता यायचा. म्हणजे खिशात दमडी नसलेल्या माणसासाठी कुलूपबंद यंत्राला पाडलेली ही खिडकी. आज लॉक स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ लिहिलेलं दिसतं ना, ती याच खिडकीची नात.

मोबाईल आल्यावर जीएसएमच्या नियमांतच ही खिडकी ठेवली गेली. कीपॅड लॉक असला तरी ११२ लागतो. काही देशांत तर सिम नसतानाही.

पण यात एक भोक राहिलं. पोलिसांना फोन लागतो, आईला नाही. २००५मध्ये इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची नावाच्या ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्याने साधा उपाय सुचवला: घरच्यांचा नंबर ‘आयसीई’ नावाने सेव्ह करा, म्हणजे ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’. त्याच जुलैमध्ये लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही कल्पना ईमेलवरून जगभर फिरली. मग फोनमध्ये बँक आली, फोटो आले, चॅट आले. लोकांनी पिन लावले आणि ‘आयसीई’ कुलपाच्या आत अडकला! तो नंबर पुन्हा बाहेर काढायला २०१४ उजाडलं. आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ आला. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत, २०१६मध्ये, ‘इमर्जन्सी इन्फर्मेशन’.

आपल्याकडे? २०१२च्या दिल्लीच्या घटनेनंतर मागणी जोर धरू लागली, आणि २०१६मध्ये सरकारने फोनमध्ये पॅनिक बटणाचा नियम काढला. स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा दाबायचं. साध्या फोनवर पाच किंवा नऊ दाबून धरायचा. पुन्हा नऊ! नोव्हेंबर २०१८मध्ये ११२ सगळ्यात आधी हिमाचलमध्ये सुरू झाला, आता महाराष्ट्रातही चालतो.

तर, मी बाबांच्या फोनमध्ये ही माहिती भरायला बसलो. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’, पाच मिनिटांचं काम. बाबा म्हणाले, “अरे, अनोळखी माणसाने माझं सगळं का वाचायचं?” प्रश्न चुकीचा नाही. इथे जे लिहाल ते फोन सापडलेल्या कुणालाही दिसतं, चोरालासुद्धा. पत्ता, जन्मतारीख टाकायची काहीच गरज नाही. आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी दोनच गोष्टी टाकल्या: पेनिसिलिनची ॲलर्जी आणि आईचा नंबर. मग फोन लॉक करून तो आईच्या हातात दिला आणि म्हटलं, “आता तुझाच नंबर लावून दाखव.”

दुसऱ्या प्रयत्नात लागला.